फ्रेंचमध्ये स्वतःची ओळख: पाठ केलेला परिच्छेद कुठे अडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा नाशिकचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, पुढे फ्रान्सला मास्टर्स करायचंय म्हणून फ्रेंच सुरू केलंय आणि पुण्याला जाऊन डेल्फ ए-वन (फ्रेंचची सुरुवातीच्या पातळीची सर्टिफिकेट परीक्षा) देणार आहे. ओळख करून द्यायला बारा-पंधरा वाक्यांचा परिच्छेद पाठ केलाय, तेवढा पुरेल का, आणि उच्चार देवनागरीत लिहून घेतले तर चालतील का, असं विचारलंय.

मी नाशकात बरीच वर्षं फ्रेंच शिकवतेय आणि हा परिच्छेद मला न बघताच माहितीये. नाव, वय, राहायला गंगापूर रोड, वडील अमुक करतात, आई गृहिणी, एक लहान बहीण, छंद क्रिकेट आणि गाणी ऐकणे, मोठा होऊन इंजिनिअर व्हायचंय. शाळेत इंग्लिशच्या टीचरने 'इंट्रोड्यूस युवरसेल्फ' करून घेतलं होतं ना, तोच साचा, फक्त आत फ्रेंच ओतलेलं. (तुला तू म्हणतेय, माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाचा आहेस, राग मानू नकोस. तू-तुम्हीचं पुढे येईलच.)

वाक्यं चुकीची नसतात बरेचदा. पण समोरचा माणूस तुला ती सलग म्हणू देत नाही, अडचण तिथे होते. डेल्फ ए-वनची तोंडी परीक्षा साधारण ५ ते ७ मिनिटांची, तिचे तीन भाग. पहिला भाग म्हणजे ही ओळखच, जेमतेम १ मिनिट, आणि तो प्रश्नोत्तरांचा आहे. परीक्षक बोंझूर म्हणणार, नाव विचारणार, तू सुरू केलंस की तिसऱ्या वाक्याला मधेच थांबवून 'स्पेलिंग सांगा' म्हणणार, मग एकदम 'भाऊबहीण आहेत का', मग 'वीकएंडला काय करता'. या भागाला तयारीचा वेळ नसतो, १० मिनिटं मिळतात ती पुढच्या दोन भागांसाठी, आणि पुढचे दोन भाग तर उलटेच, तिथे प्रश्न तू परीक्षकाला विचारायचे असतात आणि नंतर दुकानात किंवा स्टेशनवर असल्यासारखा संवाद करायचा असतो. पाठ केलेल्याची गाडी एकदा रुळावरून उतरली की मुलं पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतात, मी स्वतः ऐकलेलं आहे, 'झ मापेल' (माझं नाव...) दोनदा, तीनदा. मार्क २५ पैकी असतात, किमान ५ लागतात आणि ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चारही विभाग मिळून १०० पैकी ५०, म्हणजे नापास व्हायची भीती फार नाही. पण पुढे फ्रान्सला जायचंय म्हणतोस तर तिथे कोणी तुझा परिच्छेद ऐकायला उभं राहणार नाहीये.

म्हणून परिच्छेदातली वाक्यं सुटी कर. प्रत्येक वाक्य एकेका प्रश्नाचं उत्तर म्हणून तयार ठेव आणि त्याच्या पुढचा प्रश्न काय येईल तेही बघून ठेव. क्रिकेट आवडतं म्हणालास की 'कुठे खेळता, कोणाबरोबर, कधी' येणार. बहीण आहे म्हणालास की तिचं नाव, वय, ती काय करते. ज्या गोष्टीवर दुसरं वाक्य बोलता येत नाही ती गोष्ट ओळखीत आणूच नको, छंदात 'वाचन' टाकायची हौस असते आणि मग कोणतं पुस्तक विचारलं की शांतता.

आता मुद्द्याचं. इथे मी फ्रेंच देवनागरीत लिहितेय, स्पेलिंग तुझ्या पुस्तकातून घे. देवनागरीत लिहिलं तर पाप नाही, उलट 'झ स्वी' (मी आहे) हे इंग्लिश अक्षरांवरून 'जे सुइस' वाचण्यापेक्षा शंभर पटीने बरं. तीन-चार आवाज मात्र आपल्याकडे नाहीतच, ते कानाने घ्यावे लागतात. मी जिथे झ लिहितेय तो झाडाचा झ नाही आणि झेंड्याचाही नाही, 'प्लेझर', 'टेलिव्हिजन' असं इंग्लिश नीट बोलताना मधे जो येतो तो. 'त्यू' (म्हणजे तू) यातला ऊ पण आपला नाही, तोंडात ई म्हणायचं आणि ओठ मात्र ऊसारखे पुढे काढायचे, आरशासमोर करून बघ, हसू येतं पण येतो आवाज. अनुनासिकं आपल्याला जमतात, फक्त आँ, ओं आणि ॲं हे तीन वेगळे ठेवायचे. घशातल्या र वरून मुलं फार टेन्शन घेतात, अरे मराठी र म्हणालास तरी कळतं, त्याला शेवटी बघू. आणि एक फायदा आपल्याला फुकट आहे, फ्रेंच लोकांचे त, द आपल्यासारखेच दाताजवळचे आणि त, प, क आपल्यासारखेच हवा न सोडता असतात, इंग्लिश मीडियमची मुलं उगाच तिथे ट-ड घुसवतात.

सुरुवात 'बोंझूर'ने, संध्याकाळ असेल तर 'बोंस्वार', मित्रांत 'साल्यू'. हे साधं वाटतं पण फ्रान्समध्ये बेकरीत शिरताना, बसमध्ये चढताना, ऑफिसच्या काउंटरवर आधी बोंझूर म्हटलं नाही आणि थेट काम सांगितलं तर समोरच्याच्या चेहऱ्यावरचं पाणी बदलतं. 'बोंझूर मादाम', 'बोंझूर मस्यू', पुढे आडनाव लावायची गरज नाही.

मग नाव. 'झ मापेल' हे कुठेही चालतं. 'मों नों ए' असंही व्याकरणात बसतं पण रोजच्या बोलण्यात ते कडक वाटतं. तुझ्या वयाची पोरं एकमेकांना 'म्वा, से सचिन' म्हणतात, म्हणजे आपण 'मी सचिन' म्हणतो तसंच. ज्यांना इंग्लिशमध्ये 'मायसेल्फ सचिन' म्हणायची सवय आहे त्यांचं इथे भलं होतं, पण 'म्वा-मेम सचिन' असं शब्दाला शब्द करू नका. 'झ स्वी सचिन' पण चालतं. पुढे तिथल्या पोरांचं बोलणं ऐकशील तेव्हा 'झ स्वी'चं 'श्वी' झालेलं असेल आणि 'मला माहीत नाही'चं 'शेपा', घाबरू नको, तेच आहे ते. परीक्षेत तू पूर्णच म्हण.

आता आपली नावं. यावर मी क्लासमध्ये एक अख्खा तास घालवते कारण प्रत्यक्षात अडतं ते इथेच. फ्रेंच माणूस तुझं नाव कागदावर वाचणार तर फ्रेंच नियमाने वाचणार. एच त्यांच्याकडे गप्प असतो, हर्षदाची 'अर्शादा' होते आणि हेमंतचा 'एमाँ'. सीएच म्हणजे श आणि शेवटचा आयएन म्हणजे ॲं, म्हणून सचिनचा 'साशॅं' होतो, नितीनचा 'नितॅं'. आडनावाच्या शेवटी ई अक्षर असेल तर ते खाल्लं जातं, सोनवणेंचं 'सोनावान', काळेंचं 'काल', हिरेंचं तर 'ईर' एवढंच उरतं. रोल कॉलला आपलं नाव पुकारलं गेलं हे कळतच नाही मुलांना, पुढे बसलेला इकडे तिकडे बघत राहतो की हा 'काल' कोण. नाव बदलून सोपं काहीतरी घ्यायच्या मी अजिबात बाजूची नाही. नावाआधी किंचित थांबायचं, स्वच्छ आणि सावकाश म्हणायचं, आणि लगेच स्पेलिंग द्यायची तयारी ठेवायची.

स्पेलिंगमध्ये सगळा घोळ चार अक्षरांचा आहे. इंग्लिश जी म्हणजे फ्रेंचमध्ये 'झे' आणि इंग्लिश जे म्हणजे 'झी', बरोबर उलटं. इंग्लिश ई अक्षराला ते 'अ' म्हणतात (ओठ गोल करून) आणि 'ई' म्हणतात ते आयला. म्हणजे तू देशपांडेचं स्पेलिंग सवयीने इंग्लिशसारखं सांगितलंस तर समोरचा डी नंतर आय लिहून मोकळा. जाधव असं सांगायचं: झी, आ, दे, आश, आ, व्हे. गायकवाड: झे, आ, ई, का, दूब्लव्हे, आ, दे. देशपांडे: दे, अ, एस, आश, पे, आ, एन, दे, अ. क्षीरसागर असशील तर देव तुझं भलं करो, का, एस, आश, ई, एर, एस, आ, झे, आ, एर. वाय अक्षराला 'ईग्रेक' म्हणतात, आणि एकच अक्षर सलग दोनदा आलं की आधी 'द' लावायचा, 'द ते', 'द एल' असं. घरच्या सगळ्यांची नावं अशी मोठ्याने सांगून बघ, आजीचंसुद्धा, अगदी जिभेवर बसेपर्यंत. परीक्षेत 'व्हू पुव्हे एप्ले?' असं ऐकू आलं की हेच मागतायत.

वयाचा प्रश्न. आपण म्हणतो 'मी २२ वर्षांचा आहे', त्यामुळे हात आपोआप 'झ स्वी'कडे जातो, तिथे मात्र 'माझ्याकडे २२ वर्षं आहेत' अशी रचना: 'झे व्हॅंत-दझाँ'. आकड्याला 'आँ' जोडताना आवाज बदलतात तेवढं बघ, २० असेल तर 'व्हॅंताँ', १९ असेल तर 'दीझ-नव्हाँ', तिथे फ चा व्ह होतो. स्वतःचं आणि भावाबहिणीचं वय एवढं पाठ असलं तरी आत्ता पुरे. आणि परीक्षेबाहेर वय सांगायची घाई करू नको, कोणी विचारत नाही तिथे पहिल्या भेटीत.

मोबाइल नंबर मात्र विचारू शकतात, आणि फ्रान्समध्ये नंबर दोन-दोनच्या जोड्यांत सांगतात. आपले नंबर ९८, ९४, ७७ असे सुरू होणारे, म्हणजे नेमके फ्रेंचमधले सगळ्यात किचकट आकडे: ९८ म्हणजे 'कात्र-व्हॅं-दीझ-व्हित', चार वीस दहा आठ. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधले लोक शहाणे, ते ७० ला 'सेप्ताँत' आणि ९० ला 'नोनाँत' म्हणतात. जोड्या जमत नसतील तर एकेक अंक सांगितलास तरी समोरचा लिहून घेईल.

मुलींसाठी एक गोष्ट, कारण हे वाचणाऱ्यात त्याही असतीलच. मराठीत आपण जातो-जाते, आलो-आले करतो, त्यामुळे लिंग बदलायची सवय आपल्याला आहे, इंग्लिशवाल्यांना ती नसते. तरीसुद्धा ॲपमधल्या पुरुषाच्या आवाजामागे म्हणत म्हणत मुली 'झ स्वी एत्यूदियाँ' (मी विद्यार्थी आहे) म्हणायला लागतात. मुलगी असशील तर 'एत्यूदियाँत', शेवटचा त ऐकू आला पाहिजे. भारतीय म्हणताना मुलगा 'ॲंद्यॅं', मुलगी 'ॲंद्यॅन'. 'आँशाँते' म्हणजे भेटून आनंद झाला, ते लिहिताना बदलतं पण कानाला दोघांचं सारखंच.

काम किंवा शिक्षण सांगताना इंग्लिशमधला 'अ', 'ॲन' लावू नको. 'झ स्वी एत्यूदियाँ आँ झेनी मेकानिक', झालं, मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. फ्रान्समध्ये शिक्षण कितपत झालंय हे बारावीच्या परीक्षेनंतर किती वर्षं यावर मोजतात, त्या परीक्षेला ते थोडक्यात बाक म्हणतात, म्हणून तुझी डिग्री झाली की 'बाक प्ल्यूस कात्र', तिथल्या माणसाला बीई म्हणून काही बोध होणार नाही. नोकरी असेल तर कंपनीच्या नावाआधी 'शे' येतं, 'झ त्राव्हाय शे बॉश', 'शे महिंद्रा', सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या निम्म्या लोकांचं काम एवढ्यात भागतं.

कुठला हे सांगताना 'झाबित आ नाशिक, आँनॅंद'. एवढ्यावर थांबलास तर पुढचा प्रश्न 'ते कुठे आलं' हाच असतो, म्हणून एक वाक्य जोडून ठेव: 'सेत्यून व्हील दाँ लुएस्त द लॅंद, पा त्रो ल्वॅं द बोंबे'. पश्चिम भारतातलं शहर, मुंबईपासून फार लांब नाही. तिथे अजून पुष्कळ लोक बोंबेच म्हणतात, त्यावर वाद घालायला ए-वनचं फ्रेंच पुरत नाही. मुलं इथे गोदावरी, पंचवटी, त्र्यंबकेश्वर सगळं सांगायला जातात आणि ज्योतिर्लिंगाला फ्रेंच शब्द शोधत अडकतात. कुंभमेळा म्हण, नाव ऐकलेलं असतं पुष्कळांनी, शिवाय पुढचा २०२७ ला आपल्याकडेच आहे.

पण खरं सांगू का, फ्रेंच माणसाशी बोलायला नाशिककराकडे दुसरा एक हुकमी विषय आहे आणि तो कोणी वापरत नाही. 'ओं फे द्यू व्हॅं आ नाशिक', नाशकात वाईन बनते. एवढं म्हण आणि बघ. इथे सुलाच्या बागा आहेत, दिंडोरीला शाँदोंची (प्रसिद्ध फ्रेंच शॅम्पेनवाले) वायनरी आहे, आणि शाँदों हे नाव त्यांना समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे पिकणारं शेनॅं ब्लाँ हे द्राक्ष मूळचं त्यांच्या ल्वार नदीच्या खोऱ्यातलं. त्यांच्याकडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, आपल्याकडे जानेवारी ते मार्च, हे ऐकून द्राक्षाशी संबंध असलेला कुठलाही माणूस दोन-चार प्रश्न विचारतोच, आणि त्यातच तुझी प्रॅक्टिस होते. घरची बाग असेल, पिंपळगाव-निफाडकडची पोरं असतातच क्लासला, तर 'वडील शेतकरी' एवढंच न म्हणता 'मों पेर कुल्तिव्ह द्यू रेझॅं' म्हणा, बाबा द्राक्षं पिकवतात. आता वाईनचा विषय काढला की ग्लास पुढे येणार, पीत नसशील तर 'झ न ब्वा पा दालकोल', हसून म्हटलं की कोणी आग्रह करत नाही. शाकाहारी असशील तर तेही ओळखीतच सांगून टाक, 'झ स्वी व्हेझेतार्यॅं', आणि पुढे मांस नाही, मासे नाही असं वेगळं सांग, मासे खाणारे पण स्वतःला शाकाहारी म्हणवणारे लोक भेटतात तिकडे.

भाषा कोणत्या येतात हे विचारतात. 'झ पार्ल माराती, इंदी ए आँग्ले'. मराठी म्हणजे काय विचारलं तर महाराष्ट्राची भाषा, २०११ च्या जनगणनेत ८ कोटींहून जास्त लोकांची मातृभाषा, म्हणजे अख्ख्या फ्रान्सच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. हे मी मुद्दाम सांगायला लावते. पोरं उगाच बिचकून 'हिंदीसारखी एक बोली' वगैरे सांगून येतात, संताप होतो माझा.

आता त्यू आणि व्हू. तू आणि तुम्ही असं सरळ धरलं तर ऐंशी टक्के काम होतं. फरक घरात आहे. आपल्याकडे बऱ्याच घरांत बाबांना, आजोबांना अहो-जाहो असतं, तिथे मुलं आईबाबांना आणि आजीआजोबांना त्यूच म्हणतात, त्यात उर्मटपणा नाही. उलट दुकानदार, बसचा ड्रायव्हर, रिसेप्शनवरची मुलगी, वयाने लहान असली तरी व्हू, आपण रिक्षावाल्या पोराला तू म्हणतो तसं तिथे चालत नाही. वर्गातल्या मुलांना पहिल्या दिवसापासून त्यू. परीक्षकाला व्हू, शेवटपर्यंत. समोरच्याने 'ओं प स त्यूत्वाये' (एकमेकांना तू म्हणूया) म्हटलं की मग एकेरीवर यायचं, आणि हे आधी मोठ्याने किंवा वरच्या हुद्द्यावरच्याने म्हणायचं असतं. गालाला गाल लावायची पद्धत तू सुरू करू नको, हात पुढे कर, पुरतं.

परिच्छेदात नसतं पण ज्यावर ओळख टिकते ते वाक्य म्हणजे 'ए व्हू?' (आणि तुम्ही?), मित्राला 'ए त्वा?'. स्वतःचं दोन वाक्यं बोलून झालं की चेंडू तिकडे टाक. परीक्षेच्या पहिल्या भागात याची गरज नाही, पण दुसऱ्या भागात तुला हेच करायचंय. कळलं नाही तर 'पार्दों, व्हू पुव्हे रेपेते?' (माफ करा, परत सांगाल का?) म्हणायचं, बिनधास्त म्हणायचं, नुसतं बघत बसण्यापेक्षा परीक्षकाला ते आवडतं. आणि अडलास की 'आय मीन', 'म्हणजे' असं तोंडून जातं त्याच्या जागी 'अऽऽ' आणि 'आलोर' बसव.

सराव एकट्याने पाठांतर करून होणार नाही. घरात कोणाला फ्रेंच येत नसेल तरी चालेल, दहा फ्रेंच प्रश्न देवनागरीत चिठ्ठ्यांवर लिहून बहिणीकडे दे, तिने कुठलीही उचलून वाचायची, क्रम तिच्या मनाचा. उत्तर आलं की तिने मराठीत 'का?' किंवा 'कधी?' विचारायचं आणि तू फ्रेंचमध्ये सांगायचं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक, स्वतःचा आवाज ऐकवत नाही कोणालाच, तरी ऐक.

राहिला फॉर्म, कारण लेखी परीक्षेतही एक फॉर्म भरायला येतोच. 'नों' म्हणजे तिथे आडनाव आणि 'प्रेनों' म्हणजे तुझं नाव. मधल्या वडिलांच्या नावाला तिथे रकाना नाही आणि मुलं ते आडनावाच्या आधी घुसडतात. सरावाच्या फॉर्मात सोडून दे. खऱ्या नोंदणीच्या फॉर्मात मात्र पासपोर्टवर जसं आहे अक्षरशः तसंच लिही, वडिलांचं नाव पासपोर्टात नावाच्या रकान्यात असेल तर ते प्रेनोंमध्येच जाईल, कारण डेल्फचं सर्टिफिकेट कधी एक्स्पायर होत नाही आणि पुढे ॲडमिशनला, व्हिसाला तेच कागद शेजारी शेजारी ठेवून तपासतात.